पीक तेच, फोन तोच, मग अपडेट कशाला?

ऑगस्ट महिना. अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीच्या शिवारात कपाशी वाढीला लागलेली, सोयाबीन फुलोऱ्यात, आणि बांधावर एक शेतकरी मोबाईल हातात धरून उभा. ई-पीक पाहणीची मुदत सुरू आहे. गट नंबर निवडायचा, पीक निवडायचं, क्षेत्र भरायचं, पिकात उभं राहून फोटो काढायचा आणि माहिती पाठवून द्यायची, एवढंच काम. मागच्या खरिपात याच फोनवरून हेच काम झालं होतं. यंदा ॲप उघडताच ‘अपडेट करा’ असा निरोप येतो, आणि प्ले स्टोअरवर जावं तर तिथे लिहिलेलं असतं की हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही. दुकानात फोन दाखवला तर उत्तर ठरलेलं : फोन जुना झाला, नवा घ्या.

पण फोन बिघडलेला नाही. कॅमेरा चालतो, जीपीएस चालतं, नेट चालतं. कामही वाढलेलं नाही. मोजके रकाने आणि एक फोटो गेल्या वर्षीही होता, यंदाही आहे. मग अडलं कुठे?

प्रश्न किरकोळ नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली; पूर्वी तलाठी ज्या गाव नमुना १२ मध्ये पीक लिहीत असे, त्यात तेव्हापासून शेतकऱ्याने स्वतः आपल्या फोनवरून नोंद करायची असते. सातबाऱ्यातला हा ‘बारा’. पीक विमा, नुकसानभरपाई, हमीभावाने खरेदी, अशा कित्येक ठिकाणी हीच नोंद पाहिली जाते. ती करायचं साधन म्हणजे ॲप, आणि ॲप ज्या अवजारांनी बनतं ती अवजारं दरवर्षी बदलतात. ही अवजारं म्हणजे काय, ती बदलावी का लागतात आणि बदलताना काय काय तुटू शकतं, हे समजलं की बांधावरच्या त्या निरोपाचा उलगडा होतो.

लिहिलेल्या कोडपासून खिशातल्या फोनपर्यंत

प्रोग्रामर जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत असतो : जावा, कोटलिन, सी, सी प्लस प्लस. फोनच्या प्रोसेसरला यातलं काही कळत नाही. त्याला ठरावीक आकड्यांच्या रूपातल्या सूचना लागतात. सोर्स कोड वाचून, त्यातल्या चुका दाखवून, शेवटी अशा सूचना तयार करणारा जो प्रोग्राम, तो कम्पायलर.

कम्पायलर एकटा पुरत नाही. फोटो काढणं, जागा शोधणं, पडद्यावर बटण दाखवणं ही कामं प्रत्येक ॲपने मुळापासून लिहायची म्हटलं तर जन्म जाईल. ती अँड्रॉइडमध्ये आधीच लिहिलेली असतात. ती कोणत्या नावाने मागवायची, मागवताना काय द्यायचं, परत काय मिळतं, याचं वर्णन, सोबत तयार लायब्रऱ्या, कम्पायलर आणि तपासणीची साधनं, असा सगळा संच मिळतो. त्याला एसडीके म्हणतात. सी आणि सी प्लस प्लसमधल्या कोडसाठी वेगळा संच असतो, एनडीके. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की एसडीकेचीही येते, आणि प्रत्येक आवृत्तीला एक क्रमांक असतो. अँड्रॉइड ५ चा क्रमांक २१, अँड्रॉइड ६ चा २३, अँड्रॉइड १२ चा ३१, अँड्रॉइड १५ चा ३५. या क्रमांकाला एपीआय पातळी म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. सोर्स कोड एका अक्षरानेही न बदलता, तो नव्या कम्पायलरमधून आणि नव्या एसडीकेतून काढला, तर बाहेर पडणारं ॲप वेगळं वागू शकतं. लिहिणाऱ्याने काहीच केलेलं नसतं. कोडचा अर्थ लावणारं यंत्र बदललेलं असतं.

तीन आकडे

प्रत्येक अँड्रॉइड ॲपच्या मांडणीत तीन आकडे लिहिलेले असतात. पहिला, ॲप कोणत्या एसडीकेवर कम्पाइल केलं. दुसरा, किमान पातळी : याहून जुन्या अँड्रॉइडवर ॲप बसणारच नाही. तिसरा, लक्ष्य पातळी, म्हणजे टार्गेट. दुकानात सांगितलं जाणारं ‘फोन जुना झाला’ हे बहुतेक वेळा दुसऱ्या आकड्याचं काम असतं. पण खरी गुंतागुंत तिसऱ्यात आहे.

लक्ष्य पातळी ही ॲपने फोनला दिलेली कबुली असते : ‘या पातळीपर्यंतचे सगळे नियम मला माहीत आहेत, माझ्याशी त्या नियमांनी वागा.’ अँड्रॉइड त्या आकड्याकडे पाहूनच वागणूक ठरवतं. तुमचा फोन अगदी नवा असला तरी ॲपने जुना आकडा लिहिला असेल, तर फोन त्याच्यापुरते काही जुने नियम चालू ठेवतो. आकडा वाढवला की सवलत संपते.

आकडा बदलला आणि शेत हरवलं

पीक पाहणीच्या ॲपला सर्वांत महत्त्वाची परवानगी कोणती, तर जागेची. फोटो कुठे काढला हे कळलं नाही तर त्या फोटोला अर्थ नाही. आता समजा, अशा एखाद्या ॲपची लक्ष्य पातळी ३० होती आणि ती ३१ केली. कोडमध्ये दुसरा काहीही बदल नाही.

अँड्रॉइड १२ ने एक चांगला नियम आणला. आपली नेमकी जागा प्रत्येक ॲपला कळायची गरज नाही, म्हणून परवानगी विचारताना वापरणाऱ्यापुढे दोन पर्याय येतात : अचूक जागा आणि अंदाजे जागा. हा पर्याय लक्ष्य पातळी ३१ किंवा पुढची असलेल्या ॲपसाठी लागू होतो. अंदाजे म्हणजे किती अंदाजे? साधारण ३ चौरस किलोमीटर. तीनशे हेक्टर! कपाशीचं दीड एकराचं रान त्यात शोधायचं म्हणजे अर्धं शिवार आलं. घाईत ‘अंदाजे’ वर बोट पडलं, की ॲपला मिळणारा ठिपका शेजारच्या गटात, कदाचित शेजारच्या गावाच्या हद्दीतही पडू शकतो. ॲप म्हणणार, तुम्ही तुमच्या शेतात नाही. शेतकरी तर आपल्याच पिकात उभा!

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. जुन्या कोडमध्ये बऱ्याचदा फक्त अचूक जागेचीच परवानगी मागितलेली असते, कारण पूर्वी तेवढं पुरत होतं. अँड्रॉइड १२ च्या काही आवृत्त्या अशी एकटी मागणी सरळ दुर्लक्षित करतात. दोन्ही परवानग्या एकदम मागाव्या लागतात. परवानगीची खिडकी उघडतच नाही, पडद्यावर एररही दिसत नाही, ॲप जागेची वाट पाहत बसतं. प्रोग्रामरच्या टेबलावरच्या फोनवर सगळं ठीक चालतं आणि गावातून तक्रार येते की ‘जीपीएस लागत नाही’. दोष जीपीएसचा नसतो. लक्ष्य पातळीचा आकडा वाढवताना त्यासोबत बदललेले नियम वाचले गेले नाहीत, हा तो दोष.

म्हणून एसडीकेची आवृत्ती वाढवणं म्हणजे एक आकडा खोडून दुसरा लिहिणं नव्हे. त्या आकड्यासोबत बदललेल्या प्रत्येक नियमाची यादी घेऊन, आपलं ॲप त्यातल्या कशाकशाला हात लावतं हे तपासणं, असा त्याचा खरा अर्थ आहे.

┌──────────────────────────
चौकट : हे शब्द पुढे लागतील

कम्पायलर – सोर्स कोडपासून प्रोसेसरच्या सूचना तयार करणारा प्रोग्राम. जीसीसी आणि क्लँग हे दोन प्रसिद्ध.

भाषेचं मानक – सी किंवा सी प्लस प्लस या भाषेत काय लिहिता येतं आणि त्याचा अर्थ काय, हे ठरवणारा अधिकृत नियमग्रंथ. ज्या वर्षाचा, त्या वर्षाच्या नावाने ओळखला जातो : सी ८९, सी ११, सी प्लस प्लस १७.

लायब्ररी – दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला, आपल्या ॲपमध्ये जोडून वापरायचा तयार कोड.

बिल्ड – सोर्स कोड आणि लायब्रऱ्या घेऊन फोनवर बसवता येईल असं ॲप तयार करण्याची पूर्ण क्रिया.
└──────────────────────────

३१ ऑगस्टची तारीख

अपडेट टाळलंच तर काय होईल? जुनी अवजारं, जुना आकडा, सगळं सुरळीत चालू आहे, हात कशाला लावा? अनेक कार्यालयांत हाच विचार होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण प्ले स्टोअर तसं करू देत नाही.

२०१८ पासून गूगलने लक्ष्य पातळीची सक्ती केली आहे आणि ती दरवर्षी पुढे सरकते. २०२३ पासून तिची तारीख ३१ ऑगस्ट. ३१ ऑगस्ट २०२४ नंतर नवं ॲप किंवा जुन्या ॲपचं अपडेट टाकायचं तर लक्ष्य पातळी किमान ३४ हवी. ३१ ऑगस्ट २०२५ नंतर किमान ३५. त्याहूनही मागे राहिलेलं ॲप नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्याने घेणाऱ्याला प्ले स्टोअरवर सापडत नाही. आधी घेतलेल्यांकडे ते राहतं, पण यंदाच नवा फोन घेतलेल्या शेतकऱ्याला मिळत नाही.

आता ही तारीख आपल्या हंगामावर ठेवून पाहा. अलीकडच्या खरिपांत शेतकऱ्याने स्वतः नोंद करण्याची मुदत १ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राहिली आहे. म्हणजे गूगलची वार्षिक मुदत पीक पाहणीच्या ऐन काळात येते. कॅलिफोर्नियात बसून तारीख ठरवणाऱ्यांना अंबड तालुक्यातली सोयाबीन कधी फुलते याची कल्पना असण्याचं कारण नाही. पण इथे ॲप सांभाळणाऱ्याने दोन्ही वेळापत्रकं समोर ठेवलीच पाहिजेत. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात फोटो पाठवण्यात एखादी चूक सापडली आणि तिची दुरुस्ती ३१ तारखेनंतर टाकायची वेळ आली, तर ती एका ओळीची दुरुस्ती टाकण्यासाठी आधी लक्ष्य पातळी वाढवावी लागेल, आणि त्यासोबत वर सांगितलेली सगळी यादी अंगावर येईल. गूगलकडे मागितली तर १ नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. ती सोय हंगामी ॲपवाल्यांनी जरूर वापरावी, पण तिच्यावर विसंबून वर्ष काढू नये.

कम्पायलर कडक का होत जातो?

एसडीके झाला, आता कम्पायलर. इथले बदल अधिक खोल आणि कमी दिसणारे.

सी ही भाषा १९७० च्या दशकातली. तिचं पहिलं मानक १९८९ चं. त्या काळच्या नियमात एक ढिलाई होती : जे फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, कुठेही घोषित केलेलं नाही ते तुम्ही वापरलं, तरी कम्पायलर अडवत नसे. ते फंक्शन साधा पूर्णांक परत देतं असं तो गृहीत धरे आणि पुढे जाई. १९९९ च्या मानकाने ही सवलत काढून टाकली. पण जगभर इतका जुना कोड तिच्यावर उभा होता की कम्पायलर पुढेही नुसती वॉर्निंग देत राहिले. क्लँगने २०२३ मध्ये सोळाव्या आवृत्तीत आणि जीसीसीने मे २०२४ मध्ये चौदाव्या आवृत्तीत अखेर तिची एरर केली. नियम बदलल्यावर पाव शतकाने!

इतकी वर्षं कोणाचं काय बिघडलं होतं? बिघाड दडलेला होता. जुन्या ३२ बिटच्या फोनमध्ये पूर्णांक चार बाइटचा असतो आणि मेमरीतला पत्ताही चार बाइटचा. समजा एखादं फंक्शन खरं तर पत्ता परत देतं, आणि कम्पायलरने तो पूर्णांक मानला. दोघांची लांबी सारखी, त्यामुळे चुकीचं गृहीतक निभावून जातं. ६४ बिटच्या फोनवर पत्ता आठ बाइटचा होतो आणि पूर्णांक मात्र चारचाच राहतो. कम्पायलर पत्त्याचा निम्मा भाग कापून टाकतो. उरलेला निम्मा पत्ता भलत्याच जागी नेतो आणि ॲप कोसळतं. १ ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरने अशा कोडसाठी ६४ बिटची आवृत्ती सक्तीची केली, तेव्हा वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेल्या कोडमधल्या अशा चुका एकेक करून वर येणं साहजिकच होतं. मला वाटतं, कम्पायलरच्या कडकपणाबद्दल कुरकुर करणाऱ्या प्रत्येक टीमने हे उदाहरण स्वतः करून पाहावं. ज्या वॉर्निंगकडे आपण काणाडोळा करतो, ती पुष्कळदा पुढच्या फोनवरच्या अपघाताची आगाऊ सूचना असते.

दुसरं उदाहरण २००९ चं, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं. एका नेटवर्क ड्रायव्हरच्या कोडमध्ये एक पत्ता आधी वापरला होता आणि तो रिकामा तर नाही ना, ही तपासणी पुढच्या ओळीत केली होती. क्रम उलटा झाला होता. जीसीसीने विचार केला : हा पत्ता वर वापरलेलाच आहे, भाषेच्या नियमाप्रमाणे रिकामा पत्ता वापरणं ही चूक, म्हणजे तो रिकामा असू शकत नाही, मग खालची तपासणी निरर्थक. आणि त्याने ती तपासणी काढून टाकली. माणसाने लिहिलेलं कुलूप यंत्राने उतरवलं, नियमात राहूनच. त्यातून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवण्याची वाट हल्लेखोरांना सापडली. त्यानंतर लिनक्सचा गाभा अशी तपासणी काढू नये असा हुकूम देऊनच कम्पाइल केला जातो.

कम्पायलर हे कसं ताडतो? कोणती किंमत कोणत्या ओळीपर्यंत पोचू शकते, याचा तो कोडभर माग काढतो. या शास्त्राला डेटा फ्लो ॲनालिसिस म्हणतात, आणि त्यावरचं एक महत्त्वाचं पुस्तक मुंबईतून आलेलं आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासोबत लिहिलेलं हे पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच संस्थेत खेडकरांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं. जीसीसीचं लाखो ओळींचं पोट उघडून ते कसं चालतं हे विद्यार्थ्यांना आणि उद्योगातल्या लोकांना शिकवणाऱ्या कार्यशाळा तिथे झाल्या. पुण्यातल्या केपीआयटी कंपनीने रेनेसास या जपानी कंपनीच्या मायक्रोकंट्रोलरसाठी जीसीसीवर आधारलेले कम्पायलर संच अनेक वर्षं सांभाळले आणि मोफत दिले. कम्पायलर म्हणजे दूर कुठेतरी बनणारी आणि आपण नुसती उतरवून घ्यायची वस्तू, असा समज महाराष्ट्रात तरी असू नये.

लायब्ररीची पिन

ॲपमधला सगळा कोड आपला असता तर काम बरंच सोपं झालं असतं. प्रत्यक्षात नकाशा एका लायब्ररीतून येतो, फोटो लहान करणारा कोड दुसरीतून, माहिती साठवणारा तिसरीतून. यातल्या काही लायब्रऱ्या आधीच कम्पाइल होऊन आलेल्या असतात. त्यांचा सोर्स कोड आपल्याकडे नसतो.

ट्रॅक्टर बदलणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. छोट्या ट्रॅक्टरच्या लिंकेजला बसणाऱ्या अवजाराच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या असतात, मोठ्याच्या २८ च्या. नांगर उत्तम आहे, ट्रॅक्टर नवा आहे, दोघांत कसलाच दोष नाही, पण पिन भोकात बसत नाही आणि काम अडतं. कम्पाइल झालेल्या दोन तुकड्यांमध्येही अशी ठरलेली मापं असतात : कोणती माहिती मेमरीत किती जागा घेते, कोणत्या क्रमाने मांडली जाते. या मापांना एबीआय म्हणतात.

२०१५ मध्ये जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीत हे घडलं. सी प्लस प्लस ११ या मानकाने अक्षरमालिका, म्हणजे स्ट्रिंग, कशी साठवावी याचे नियम बदलले. ते पाळायचे तर स्ट्रिंगची मेमरीतली मांडणीच बदलावी लागणार होती. जीसीसीने जुनी आणि नवी अशा दोन्ही मांडण्या सोबत दिल्या, तरीही जुन्या कम्पायलरने बनवलेली लायब्ररी आणि नव्याने बनवलेला कोड एकमेकांना जोडताना असंख्य प्रकल्पांत बिल्ड अडकली. एररमध्ये दिसत होतं की अमुक फंक्शन सापडत नाही, आणि फंक्शन तर डोळ्यांसमोर होतं. सापडत नव्हतं ते जुन्या मापाचं.

अँड्रॉइडवर हाच प्रकार नुकताच वेगळ्या रूपात आला. फोनची मेमरी पानांमध्ये विभागलेली असते आणि आजवर एक पान ४ किलोबाइटचं धरलं जाई. आता १६ किलोबाइटच्या पानांचे फोन येऊ लागले आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं लक्ष्य ठेवणारं ॲप अशा फोनवर चालेल असं असलं पाहिजे, अशी प्ले स्टोअरची अट आहे. ज्याचा सोर्स कोड हाताशी आहे त्याला हे फारसं जड नाही. एनडीकेच्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीने पुन्हा कम्पाइल केलं की बहुतेक काम होतं. पण पाच वर्षांपूर्वी कोण्या कंत्राटदाराने दिलेली, सोर्स नसलेली एक लायब्ररी आत असेल तर संपूर्ण ॲप तिच्यापाशी थांबतं. म्हणून सरकारी काम देताना तयार ॲपसोबत त्याचा पूर्ण सोर्स कोड आणि बिल्ड कशी करायची याची कृती ताब्यात घेतली पाहिजे. हा मुद्दा मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

पायऱ्या कशा चढाव्यात

या कामाचा सर्वांत चांगला धडा लिनक्सने दिला आहे. तीन दशकं लिनक्सचा गाभा १९८९ च्या सी मानकाने लिहिला जात होता. त्या मानकात, यादीतल्या एकेका नोंदीवरून फिरणाऱ्या लूपसाठीचं नाव लूपच्या बाहेर, आधीच घोषित करावं लागे. लूप संपल्यावरही ते नाव जिवंत राही, आणि यादीत हवं ते सापडलं नसेल तर भलत्याच जागेकडे बोट दाखवत राही. कोणी चुकून ते पुढे वापरलं की घात. नंतरच्या मानकांत हे नाव लूपच्या आतच घोषित करता येतं आणि लूपसोबतच ते संपतं. चुकीला जागाच उरत नाही.

हे हवं म्हणून त्यांनी एका रात्रीत मानक बदललं नाही. आधी २०२१ मध्ये, ५.१५ या आवृत्तीत, जीसीसीची किमान आवृत्ती ४.९ वरून ५.१ केली. जुना कम्पायलर वापरणाऱ्यांना सरकायला वेळ मिळाला, कोडच्या अर्थाला हात लागला नाही. मग २०२२ मध्ये, ५.१८ मध्ये, मानक सी ८९ वरून सी ११ केलं. आधी अवजार, मग नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे काही तुटलं तर कशामुळे तुटलं ते कळतं.

लहान टीमलाही हाच क्रम लागू पडतो. जुन्याच कम्पायलरवर सगळ्या वॉर्निंग चालू करायच्या आणि त्या संपवायच्या. मग कम्पायलर बदलायचा, मानक तेच ठेवायचं. ते स्थिर झालं की मानक वाढवायचं. मानक कोणतं हे बिल्डच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असावं, कारण न लिहिल्यास कम्पायलर आपलं ठरवतो आणि त्याचं ठरवणं बदलत राहतं. सी प्लस प्लससाठी जीसीसी सहाव्या आवृत्तीपासून २०१४ चं मानक धरत होता, अकराव्यापासून २०१७ चं धरू लागला. सीसाठी २०२५ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीने सी २३ धरायला सुरुवात केली. सी २३ मध्ये ‘बूल’ हा भाषेचा राखीव शब्द झाला आहे. जुन्या कोडमध्ये प्रोग्रामरने स्वतःच ‘बूल’ नावाचा प्रकार बनवलेला असेल, आणि तो असंख्य ठिकाणी असतो, तर तो कोड आता थेट अडतो.

अडणारा बदल तरी बरा, तो दिसतो. न अडता उत्तर बदलणारा बदल अधिक घातक. सर्व्हरवर हिशेब करणारी एखादी स्क्रिप्ट पायथॉन २ मध्ये लिहिलेली आहे असं धरा. ८५ आर क्षेत्र दोन खातेदारांत निम्मं वाटायचं. पायथॉन २ मध्ये ८५ भागिले २ चं उत्तर ४२ येतं, कारण पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गाळला जातो. तीच ओळ पायथॉन ३ मध्ये ४२.५ देते. एरर नाही, वॉर्निंग नाही. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा स्थलांतर करणं भाग होतं; पण ज्यांनी फक्त ‘प्रोग्राम चालतोय ना’ एवढंच पाहिलं, त्यांच्या आकड्यांत असा फरक शिरू शकत होता. यावर उपाय एकच : बदलाआधी जुन्या प्रोग्रामला शेकडो खऱ्या नोंदी देऊन उत्तरं साठवून ठेवायची, बदलानंतर त्याच नोंदी नव्याला द्यायच्या आणि ओळीला ओळ लावून पाहायची. जिथे उत्तर वेगळं, तिथे माणसाने बसून ठरवायचं की बरोबर कोणतं.

हे सगळं करायला शांत वेळ लागतो. पीक पाहणीसारख्या ॲपसाठी तो वेळ रब्बीची नोंद आटोपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतो. तेव्हा अवजारं बदलायची, जूनपर्यंत जुन्या-नव्या फोनवर तपासायचं, आणि प्ले स्टोअरवर टाकतानाही ते सगळ्यांना एकदम न देता आधी थोड्या टक्के लोकांना द्यायचं. प्ले स्टोअर तशी सोय देतं. जुलैनंतर एसडीकेला हात लावायचा नाही.

किमान पातळी कोण ठरवतं?

आता बांधावरच्या फोनकडे. लक्ष्य पातळी गूगल वर ढकलतं हे पाहिलं. किमान पातळी मात्र कागदोपत्री ॲपवाल्याच्या हातात असते. ती का वाढते? लायब्रऱ्यांमुळे. २०२३ मध्ये गूगल प्ले सर्व्हिसेसने अँड्रॉइड ४.४ ला अपडेट देणं थांबवलं आणि एनडीकेच्या सव्विसाव्या आवृत्तीनेही त्याचा आधार काढला. २०२५ मध्ये अँड्रॉइडएक्स या गूगलच्या लायब्रऱ्यांनी आपली किमान पातळी २१ वरून २३ केली, म्हणजे अँड्रॉइड ५ चे फोन बाहेर. नवं लक्ष्य गाठायला नवी लायब्ररी घ्या, नवी लायब्ररी घेतली की जुना फोन सुटतो, अशी ही साखळी आहे. त्यात दर हंगामाला सर्व्हरवरची पिकांची यादी, नमुने, तपासण्या बदलल्या की सर्व्हर जुन्या आवृत्तीला नकार देतो आणि ‘अपडेट करा’ म्हणतो. फोनमध्ये जुनं ॲप असूनही मग ते निरुपयोगी ठरतं.

तरीही या साखळीत निर्णयाला जागा आहे. एखादी लायब्ररी केवळ पडदा देखणा दिसावा म्हणून घेतली असेल आणि तिच्यापायी किमान पातळी चढत असेल, तर ती टाळता येते. किमान पातळी वाढवण्याआधी त्याहून जुन्या फोनवरून गेल्या हंगामात किती नोंदी आल्या, हे सर्व्हरवर पाहता येतं, आणि ते पाहिल्याशिवाय तो आकडा बदलू नये असं माझं ठाम मत आहे. शहरातल्या पैसे भरण्याच्या ॲपला जुने फोन सोडून देणं परवडेल. ज्या ॲपवर पिकाची सरकारी नोंद अवलंबून आहे त्याला नाही. सोडणं अटळच असेल, तर ते हंगामाच्या दोन महिने आधी गावात कळलं पाहिजे, ऑगस्टमध्ये बांधावर नव्हे.

एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, ही सोय इथे उपयोगी पडते. आपल्या फोनची पातळी कोणती हे आधीच पाहून ठेवता येतं : सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ असा भाग असतो, त्यात अँड्रॉइडची आवृत्ती लिहिलेली असते. तिथे ५ किंवा ६ दिसलं, तर यंदा चाललं तरी पुढच्या खरिपात अडण्याचा संभव बराच आहे. जुलैमध्येच प्ले स्टोअर उघडून ॲप अपडेट होतं का ते बघावं, आणि होत नसेल तर घरातल्या किंवा शेजारच्या नव्या फोनवर आपलं खातं नोंदवून घ्यावं. परवानगीची खिडकी आली की ‘अचूक’ जागाच निवडावी.